लाइकची सावड

आमच्या कंपनीला पूर्वी संस्कृती नव्हती, अण्णा होते.

अण्णा म्हणजे मालक. लातूरला त्यांची डाळीची मिल, बेसनाची चक्की, आणि नांदेडला धान्याच्या मोंढ्यामागे एक गोदाम आणि त्याला चिकटून दोन खोल्यांचं ऑफिस. त्या ऑफिसात मी हिशेब बघायचो. कपाळावर विभूतीचे पट्टे ओढलेले अण्णा गोदामाच्या या टोकाला उभे राहून बोलले की त्या टोकाची कबुतरं उडायची. महिन्यातून एखादी चक्कर नांदेडला व्हायची. आल्या आल्या शिव्या, मग मालाची तपासणी, मग पुन्हा शिव्या, आणि शेवटी सगळ्यांना सोबत घेऊन जेवण. राग फारच चढला तर ते कानडीत शिरायचे. आम्हाला ते सोयीचं पडायचं, कारण कानडी आमच्यात कुणालाच येत नव्हती. पण कुणाच्या घरी मयत झाली की दारात पहिली गाडी अण्णांची उभी असायची, हेही सांगितलं पाहिजे.

मग बाजार बसला. शहरातली माणसं मोबाइलवर बोट दाबून घरपोच डाळ मागवायला लागली आणि खेड्यातले दुकानदार अर्धाच माल उचलायला लागले. आमची दिवाळी हळूहळू वाळत गेली. आधी तेलाचा डबा मिळायचा, त्याची पिशवी झाली, पिशवीचं शुभेच्छापत्र झालं, आणि नंतर त्या शुभेच्छापत्राचा फोटोच ग्रुपवर आला. पगारवाढीचं नाव काढायची सोय राहिली नाही. अशा वेळी पुण्याहून शिकून अण्णांचा मुलगा, आमचे धाकटे मालक, परत आले.

धाकटे मालक वाईट माणूस नव्हते. हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं मला त्यांचा फार राग येणार आहे. त्यांनी पहिलीच मीटिंग स्क्रीनवर घेतली. आम्ही सगळे ऑफिसातल्या एकाच कॉम्प्युटरसमोर ग्रुप फोटोला उभे राहतात तसे दाटीवाटीनं उभे होतो. ते म्हणाले, "सध्या आपल्याकडे पैसा नाही. पण कल्चर बदलायला पैसा लागत नाही. आजपासून तुम्ही कर्मचारी नाही, परिवार आहात."

गोदामाचे काका पुढं सरकले. हमालांवर देखरेख करणारे हे काका अण्णांच्या बरोबरीच्या वयाचे होते. त्यांनी कॅमेऱ्याला तोंड लावून विचारलं, "मालक, परिवारात पगार वाढत असतो का न्हाई?"

धाकटे मालक मनापासून हसले. "लव्ह इट, काका!" म्हणाले. संध्याकाळी कंपनीच्या पेजवर काकांचा फोटो झळकला, आणि खाली लिहिलेलं होतं की आमच्या परिवारात प्रत्येकाला मनमोकळं बोलायची मुभा आहे. प्रश्नाचं उत्तर कुठंच नव्हतं.

घरात नाही दाणा आणि मला बाजीराव म्हणा, असं म्हणतात ना, तसा तो काळ सुरू झाला. रोज सकाळी कंपनीच्या पेजवर एक पोस्ट पडायची. सोमवारी स्फूर्ती, बुधवारी कृतज्ञता, शुक्रवारी मजा. प्रत्येकानं लाइक करायचं, शेअर करायचं आणि कॉमेंट लिहायची. नुसतं 'छान' किंवा दोन हात जोडलेले चालायचे नाहीत, भावना दिसली पाहिजे. कुणी किती भावना दाखवली त्याचा गुणतक्ता महिन्याच्या शेवटी लातूरहून यायचा. पहिल्या नंबरच्या माणसाला प्रमाणपत्र मिळायचं, आणि तेही फोनवर.

शुक्रवारच्या मजेसाठी आम्ही तुरीच्या पोत्यांवर नाचलो. मीही नाचलो. माझ्या बायकोनं तो व्हिडिओ माहेरच्या ग्रुपवर टाकला, आणि त्यानंतर सासुरवाडीत मला जावई म्हणून कुणी गांभीर्यानं घेतलं नाही. अण्णांचीही एक रील काढायचं ठरलं. कर्मचाऱ्यांना प्रेरणा मिळेल असं काहीतरी बोला, असं त्यांना सांगितलं. अण्णा कॅमेऱ्याकडं बघत म्हणाले, "काय करूलालाव रे सगळे उभं राहून? माल भरा की! बारदाना सांडलाय तिकडं!" आमच्या पेजवर सगळ्यात जास्त चाललेली रील तीच.

गिऱ्हाईकंही पेजवर यायची. मुदखेडचा एक दुकानदार जवळपास रोज लिहायचा, "फोटू रोज येतो, माल कवा येणार?" त्याची कॉमेंट दहा मिनिटांत पुसली जायची, कारण तिच्यामुळं वातावरण बिघडत होतं. दहा मिनिटांत होणारं कंपनीतलं ते एकच काम होतं.

आता ताईंबद्दल सांगतो, कारण ही सगळी हकिकत त्यांची आहे.

ताई आमच्याकडं बिलं करायच्या. अर्धापूरची सून. घरी केळीचे मळे, दारात ट्रॅक्टर, खायची प्यायची ददात नाही. त्यामुळं सासऱ्यांचं म्हणणं असं, की घरचं एवढं असताना सुनेनं परक्याच्या दुकानात बसून बिलं फाडायची म्हणजे लोकांना हसायला जागा देणं. ताईंनी कसंबसं त्यांना राजी केलं होतं. अट एकच, दिवेलागणीच्या आत घरात पाय पाहिजे. साडेपाचची बस त्यांनी कधी चुकवली नाही. बस वेळेआधी आली असेल म्हणून पावसात धावत गेलेल्या मी त्यांना बघितलंय. एकदा मी विचारलं होतं, एवढी ओढाताण कशासाठी? त्या म्हणाल्या, "भाऊ, घरी सगळं हाय, पण ते सगळं त्यांचं हाय. माझं म्हणून काय हाय तर ही खुर्ची." त्यात रडगाणं नव्हतं. पुढचं बिल काढता काढता त्या बोलल्या होत्या.

तर महिनाअखेर होती. बाहेर देगलूरकडं जाणारा टेम्पो भरून उभा, ड्रायव्हर हॉर्न वाजवून वाजवून बेजार, आणि लातूरहून निरोपावर निरोप की नांदेडचं एंगेजमेंट, म्हणजे भावनांचा आकडा, घसरलंय, ताबडतोब कॉमेंटा टाका. ताईंनी एका हातानं बिल आणि दुसऱ्या हातानं भावना असं थोडा वेळ करून बघितलं. बेसनाच्या बिलावर भलत्याच दुकानदाराचं नाव पडलं. तेव्हा त्या उठल्या, डाळीचा नमुना निवडायचं सूप भिंतीवरून काढलं आणि टेबलावर आदळलं.

"टाका यात सगळ्यांनी आपापले फोन," त्या म्हणाल्या. "खुरपणीला आपण काय करतोत? एकटीनं आपलं वावर खुरपत बसतोत का? सावड करतोत. आज सगळ्या माझ्या वावरात, उद्या मी तुमच्या. तसंच करू. एका दिवशी एकानंच सगळ्यांच्या फोनवरून लाइक ठोकायचे, कॉमेंटा टाकायच्या. बाकीच्यांनी काम करायचं."

काका म्हणाले, "आन् जेवण?" सावडीत ज्याचं वावर त्याचं जेवण असतं, हा त्यांचा मुद्दा होता. ताई म्हणाल्या, "ज्याची पाळी त्याला बाकीच्यांनी चहा पाजायचा." हे सगळ्यांना पटलं. आमच्यातला प्रत्येकजण कुठल्या ना कुठल्या वावरातून आलेला, त्यामुळं कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. फोन सुपात पडले. कुलूप उघडायचे आकडेही एकमेकांना सांगून टाकले.

सावड झकास चालली. पाळी आलेला माणूस खिडकीजवळ सूप घेऊन बसायचा आणि एकेक फोन उचलून भावना व्यक्त करत जायचा. प्रत्येकाची तऱ्हा निराळी. माझ्या पाळीला हमालांच्या फोनवरूनसुद्धा 'आपल्या दूरदृष्टीला त्रिवार वंदन' असलं काहीतरी जायचं. काकांची पाळी असली की सगळी शाखा एकमुखानं म्हणायची, 'लई भारी मालक, असंच चालू द्या'. ताईंचा पिंड बिलांचा. त्यांनी चार-पाच कॉमेंटा एकदाच नीट लिहून फोनात ठेवल्या होत्या. पोस्ट आली की त्यातली एखादी उचलायची आणि सगळीकडं चिकटवायची. पोस्ट वाचायच्या भानगडीत मात्र कुणीच पडत नव्हतं. ते सावडीत धरलेलंच नव्हतं.

यातून एक गंमत झाली. सुपातला फोन वाजला तर पाळीवाल्यानं उचलायचा असा रिवाज पडला. मग काकूंचे गुडघे दुखतात हे मला कळलं, आणि माझी बायको दुपारी दोनदा फोन करते ते मी जेवलो का हे विचारायला नाही तर बँकेच्या हप्त्यासाठी, हे काकांना कळलं. एका हमालाच्या पोराला ताप आलेला ताईंनी ऐकला आणि त्याच्या वाटणीचा माल बाकीच्यांनी न सांगता उतरवला. कामं वेळेवर व्हायला लागली. दुपारचे डबे एकत्र उघडायला लागले. धाकट्या मालकांना जे कल्चर पाहिजे होतं ते नांदेडला सुपातून आलं होतं. फक्त ते त्यांना दाखवायची सोय नव्हती.

आणि नांदेड गुणतक्त्यात पहिलं आलं. लातूरची मंडळी चाट पडली. एवढे लाइक, एवढ्या कॉमेंटा, त्याही एकाच वेळी, जणू सगळ्या शाखेचं काळीज एकदम धडधडतंय. हे गुपित समजून घ्यायला धाकटे मालक स्वतः नांदेडला आले. आम्ही सूप बेसनाच्या थप्पीमागे सारलं. त्यांनी 'नांदेड मॉडेल' या विषयावर आम्हालाच भाषण दिलं. मग ताईंच्या टेबलाशी येऊन अगदी आपुलकीनं विचारलं, "ताई, तुम्हाला रोज सकाळी उठून इथं यायची ऊर्जा कुठून मिळते? तुमची प्रेरणा काय?"

ताई म्हणाल्या, "साडेपाचची बस."

त्यांनी डोळे मिटून मान हलवली आणि फोनात काहीतरी टिपून घेतलं. संध्याकाळी पोस्ट आली. ताईंचा फोटो आणि खाली ओळ: 'तिची प्रेरणा, तिचा प्रवास.' पाळी माझी होती. मी सगळ्यांच्या फोनवरून त्रिवार वंदन केलं.

एवढं हसून झाल्यावर आता जे सांगायचं आहे ते सांगताना माझं डोकं तापतं.

दसऱ्याच्या आधीची महिनाअखेर होती. सणाचा माल निघायचा होता, ऑफिसात पाय ठेवायला जागा नव्हती, आणि सावडीची पाळी ताईंची. आम्ही म्हणालो, आज बदलून घेऊ, तुमच्याकडं बिलं आहेत. त्या म्हणाल्या, "पाळी ती पाळी. मला कितीक वेळ लागतोय?" तेवढ्यात पोस्ट पडली. वर फोटो, झेंडूचं तोरण, त्याखाली अण्णा आणि धाकटे मालक हात जोडून उभे. फोटोवर मोठ्या अक्षरात 'एक छत, एक परिवार'. खाली इंग्रजीत हातभर मजकूर. सणाच्या शुभेच्छा असणार, दुसरं काय असणार? ताईंनी ठेवणीतली कॉमेंट उचलली आणि आपल्या फोनपासून सुरुवात करून सगळ्या फोनांवरून चिकटवली: 'मालक, तुम्ही जे कराल त्यात आम्ही सोबत आहोत. असा परिवार मिळायला भाग्य लागतं.' सूप बाजूला सारलं आणि पुन्हा बिलांना बसल्या.

थोड्या वेळानं लातूरच्या लोकांचे लाल बदाम यायला लागले. मग कुणीतरी लिहिलं, 'वेलकम नांदेड!' मी माझा फोन घ्यायला सुपाशी गेलो होतो, म्हणून ते माझ्या नजरेला पडलं. वेलकम कशाला? आम्ही कुठं चाललोत? मी खालचा मजकूर वाचायला घेतला. आधी कठीण काळ, मग आव्हानात संधी, मग अण्णांचं स्वप्न, असं करत करत शेवटी मुद्दा आला. दिवाळीनंतर नांदेडचं ऑफिस बंद करून सगळ्यांना लातूरला एकाच छताखाली आणायचं चाललंय. गोदाम तेवढं राहील. आणि अगदी तळाला प्रश्न होता, 'आमच्या नांदेडच्या बंधुभगिनींनो, तुम्ही आमच्यासोबत आहात का?'

त्याच्याखाली आम्ही सगळे ओळीनं सोबत होतो. सगळ्यात वर ताई.

मी ते त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी हातातलं बिल पूर्ण केलं, फाडलं, हमालाच्या हातात दिलं. मग म्हणाल्या, "परत वाचा." मी परत वाचलं. त्यांचा चेहरा मी विसरू शकलेलो नाही. माझ्यासाठी लातूर म्हणजे एक खोली आणि खानावळ. काका तर म्हणाले, गोदाम इथंच हाय तर मीबी इथंच. पण अर्धापूरच्या सुनेला लातूर म्हणजे काय? रोज जाऊन दिवेलागणीला परतायचं ते अंतर नाही. लातूर म्हणजे खुर्ची गेली.

त्यांनी कॉमेंट पुसायला फोन घेतला. उशीर झाला होता. धाकट्या मालकांनी आमच्या कॉमेंटांचा फोटो काढून त्याचीच दुसरी पोस्ट केली होती: 'डोळे पाणावले. आम्ही विचारायचा अवकाश, नांदेड एकमुखानं हो म्हणालं.' दुसऱ्या दिवशी प्रत्येकाला कळवण्यात आलं की आपल्या उत्स्फूर्त मागणीचा मान राखून हा निर्णय अंतिम करण्यात येत आहे. माणसाला घराबाहेर काढायचं आणि त्यालाच त्याची मागणी म्हणायचं, एवढा निर्लज्जपणा अण्णांच्या साऱ्या शिव्यांत मिळून नव्हता. मी त्या दिवशी टेबलावर इतक्या जोरात हात आपटला की पेनं उडाली. त्यानं पेनांपलीकडं काही हललं नाही.

ताई म्हणाल्या, "अण्णांना भेटू. फोनवर न्हाई. समोर."

सासऱ्यांना त्यांनी लातूरला ट्रेनिंग आहे असं सांगितलं. आम्ही दोघं सकाळच्या बसनं निघालो. लोहा गेलं, अहमदपूर गेलं, ताई अर्ध्या तिकिटाचा कागद बोटाला गुंडाळत होत्या. चाकूरच्या पुढं एकदाच बोलल्या. "भाऊ, मी वाचलं असतं तर?" मी म्हणालो, आमच्यात कुणीच वाचलं नसतं. ते खरं होतं, पण त्याचा त्यांना काही उपयोग नव्हता.

लातूरचं ऑफिस ओळखू येईना. अण्णांची गादी आणि लोड जाऊन तिथं पोत्यांसारख्या रंगीत फुगीर बैठका आल्या होत्या. भिंतीवर मोठा बदाम रंगवलेला. अण्णा आत नव्हतेच. ते मिलच्या मागच्या अंगणात खऱ्या पोत्याजवळ लाकडी स्टुलावर बसले होते. आम्हाला बघून उठले.

"या. काय रे, तुम्हीच लिवलाव म्हणं, नांदेड बंद करा म्हणून? मला पोरानं दाखवलं फोनात. मी म्हणत होतो, नगं. ते दुकान मी माझ्या हातानं उघडलंय. पण तुमचीच खुशी हाय म्हणल्यावर मी कोण अडवणारा?"

ताईंनी त्यांना सगळं सांगितलं. सूप, सावड, पाळी, ठेवणीतल्या कॉमेंटा, काहीही लपवलं नाही. कॉमेंट मीच टाकली, न वाचता टाकली, चूक माझी हाय, बाकीच्यांची न्हाई, असंही सांगितलं. आता अण्णा भडकणार, कबुतरं उडणार, कानडी सुरू होणार, आणि मग जेवायला बसवून ते सगळं जागच्या जागी लावतील, अशी माझी खात्री होती.

अण्णा ओरडले नाहीत. सावडीचं ऐकून ते थोडं हसले, मग पोत्यावर हात फिरवत राहिले. "माय," ते हळू आवाजात म्हणाले, "धंद्यात नफा होता तवर माझा आवाज होता. आता पोरगं म्हणतं तसं. हापिसची जागाबी सोडून झाली तिथली."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. मला तेव्हा कळलं की काम संपलंय.

तेवढ्यात धाकटे मालक आले. आम्ही आलोय हे ऐकून त्यांना आनंद झाला होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, अगदी मान तिरकी करून, मन लावून ऐकलं. बिलं आता लातूरच्या कॉम्प्युटरवरूनच निघणार आहेत, तिथं माणूस आहे, पण ताईंसाठी लातूरला परिवार-संपर्काचं काम ठेवलंय, असं म्हणाले. ताई म्हणाल्या, मला लातूरला येणं जमणार न्हाई. तेव्हा ते खरोखर गोंधळले.

"पण ताई, तुम्ही तर लिहिलं होतं ना, भाग्य लागतं म्हणून? तुम्ही खूश होतात."

"मालक," ताई म्हणाल्या, "तुम्ही आम्हाला परिवार म्हणता. मग परिवारातलं तुम्हाला ठाऊक असंल. सासरी सून मान हलवून हाव म्हणती, तवा ती दर वेळी खूश असती का?"

अण्णांनी मान खाली घातली. धाकट्या मालकांचे डोळे खरंच भरून आले, आणि मी पुन्हा सांगतो, ते सोंग नव्हतं. "ताई, हे फार पॉवरफुल आहे," ते म्हणाले. "हा क्षण आपण जपायला पाहिजे." त्यांनी ताईंना अण्णांच्या शेजारी उभं केलं, प्रकाश बरोबर पडेल अशा अंगाला वळवलं आणि फोटो काढला. मग आम्हाला चहा दिला.

परतीच्या बसला गर्दी होती. कशीबशी शेजारशेजारची जागा मिळाली. अहमदपूरला बस थांबली तेव्हा दोघांचेही फोन एकदम वाजले. पेजवर नवी पोस्ट होती. ताई आणि अण्णा, मागे पोत्यांची थप्पी. ताईंनी या वेळी पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचली, ओठ हलवत, शाळेत धडा वाचतात तशी. आमच्या कंपनीत मालकाचं दार प्रत्येकासाठी उघडं आहे. नांदेडच्या या लेकीनं आज आपलं मन मोकळं केलं. ती आपल्या परिवाराची लेक आहे आणि सदैव राहील. नोकरी गेल्याचं कुठंही नव्हतं. खाली बदामांचा पाऊस पडत होता.

त्यांनी फोन पर्समध्ये ठेवला आणि लगेच तो पुन्हा वाजला. सासऱ्यांचा होता. म्हातारे गृहस्थ इतक्या मोठ्यानं बोलत होते की मला शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"पोरी, तुझा फोटू आलाय की मालकासंगं! पुतण्यानं दाखवला आत्ता. त्यात लिवलंय, कंपनीची लेक म्हणून! सगळ्या आळीला दाखवून आलो मी. हे बघ, मी नोकरी नगं नगं म्हणत होतो, ते माझं चुकलं. येवढी इज्जत देऊन राहिलेत लोकं. आता कुणी काय बी म्हणू दे, सोडू नको. उशीर झाला तरी चालंल. मी येतो बसपाशी गाडी घेऊन."

ताईंनी डोळे मिटले. किती वर्षं त्यांनी या एका वाक्याची वाट बघितली असेल, ते मला ठाऊक होतं. मला कुणाच्या तरी कानाखाली वाजवावी असं वाटत होतं, पण कुणाच्या ते ठरवता येईना. पेज चालवणाऱ्याच्या, की ते बनवणाऱ्याच्या, की न वाचता वंदन करणाऱ्या आम्हा सगळ्यांच्या?

"हाव, मामा," ताई म्हणाल्या.

"आन् ऐक, त्या फोटूला आपला लाल बदाम द्यायचा हाय मला. पुतण्या गेला निघून. कसा देतेत ते?"

ताई खिडकीकडं वळल्या. बस सुटली होती, बाहेर अंधारून येत होतं. एका हातानं त्यांनी पदर डोळ्यांना लावला, पण आवाज हलू दिला नाही.

"फोटोवर बोट ठेवा, मामा," त्या सांगत होत्या. "नुसतं ठेवून धरू नका. दोनदा टेकवा. लवकर लवकर. हाव… पुन्हा करा. आला का लाल?"

"आला, आला!" तिकडून आवाज आला.